गुडघाभर पाणी आणि घराचे जोते

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील पुरांची नोंद आजवर मुख्यतः एकाच मापाने होत आली आहे, आणि ते माप म्हणजे पाणी सर्वांत वर कुठपर्यंत चढले याचे. सांगलीत १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळच्या मोजपट्टीवर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानली जाते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ फूट असे आहेत. आणि २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही पुरांची आठवण या खोऱ्यातील माणसे याच फुटांच्या हिशेबाने सांगतात. २०१९ मध्ये सांगलीला कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ मध्ये कोल्हापूरला पंचगंगेने ५६ फूट ओलांडले, आणि हे आकडे त्या त्या शहराच्या इतिहासाचा भाग झाले. मोजपट्टीवरचा हा आकडा नदीविषयी पुष्कळ काही सांगतो, पण घरांविषयी फारच थोडे सांगतो.

याचे कारण भूगोलात आहे. सह्याद्रीचा उतार सोडून नदी पूर्वेकडे सरकू लागली की दरी रुंद आणि सपाट होत जाते, आणि पुराचे पाणी ज्या सपाट पट्ट्यावर पसरते त्या पूरमैदानात पातळीचा प्रत्येक वाढीव फूट एक नवी, पूर्वीहून रुंद पट्टी पाण्याखाली आणतो. पात्रालगतच्या सखल वस्तीत नावेतून फिरावे लागत असते, त्याच वेळी थोड्या उंचावरच्या गल्लीत पाणी घोट्याएवढे आणि तिच्याही पलीकडे उंबऱ्याला टेकलेले असते. महापुराची छायाचित्रे बुडालेल्या छपरांची निघतात. परंतु ज्या घरांत पाणी वीतभर ते गुडघाभर शिरले अशा घरांचा पट्टा प्रत्येक मोठ्या पुराभोवती असतो, आणि मध्यम पुरात तर बाधित घरे मुख्यतः याच प्रकारची असतात. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंतच्या या पाण्याला येथे उथळ पाणी म्हटले आहे. त्याने जीव सहसा जात नाही, घर बहुधा उभेच राहते, आणि नेमके म्हणूनच त्याने केलेले नुकसान इतिहासात आणि सरकारी दप्तरात दोन्हीकडे दुर्लक्षित राहिले.

या खोऱ्यातील जुन्या घरबांधणीकडे पाहिले, तर उथळ पाण्याचा विचार तिच्यात अगदी तळापासून केलेला आढळतो. घराच्या भिंती जमिनीवरून थेट उठत नसत. आधी पाया खणून, त्यावर दगडाचा चौथरा बांधून, आत मुरूम आणि माती ठोकून भरत, आणि या चौथऱ्याला जोते म्हणत. सधन वाड्यांचे जोते घडीव काळ्या दगडाचे, पाथरवटाने नीट ताशीव चिरे बसवून केलेले आणि रस्त्यापासून तीन-चार पायऱ्या उंच असे. साध्या कुणब्याच्या घराचे जोते अनघड दगडाचे आणि हात-दीड हात उंचीचे असे. जोत्यावरही भिंत लगेच मातीची होत नसे. जेथे ऐपत असे तेथे गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत दगडाचेच थर येत आणि मग त्यावर भेंडे, म्हणजे माती मळून, साच्यात घालून उन्हात वाळवलेले ठोकळे, किंवा भाजलेल्या विटा रचल्या जात. छपराचा भार बहुतेक वेळा भिंतींवर नसून लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असे, आणि प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असे. लाकडाचे टोक ओल फार लवकर पिते, म्हणून ते मातीला किंवा फरशीला टेकू न देता मध्ये दगड घालण्याची ही रीत होती. सिमेंटच्या काळात अभियंते भिंतीत ओल चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर जो ओलरोधक थर घालू लागले, त्याचे काम पूर्वी दगडाचे जोते आणि तळखडा मिळून करीत होते.

जोत्याच्या आधी जागेची निवड येत असे. दख्खनच्या गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन भागांत ओळखली जाई. काळी म्हणजे पिकाची शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची, वस्तीची जमीन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर घर टिकत नाही, हे ज्ञान या विभागणीत सामावलेले होते. शिवाय एकाच ठिकाणी शतकानुशतके घरे पडत, त्यांचीच माती पसरून त्यावर नवी घरे उठत, आणि अशा रीतीने पांढरीची जमीन भोवतालच्या शिवारापेक्षा हळूहळू वर येत गेली. पुरातत्त्वज्ञ ज्या टेकाडांत उत्खनन करतात ती पुष्कळदा अशीच साचलेली पांढरी असते. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे थर तेथे एकावर एक मिळाले. शहराचा हा सर्वांत जुना भाग नदीला अगदी लागून आहे आणि तरीही उंचावर आहे. त्याहून कितीतरी प्राचीन काळात, घोड नदीवरील इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी नदीच्या बाजूस दगडमातीचा बांध घातला होता आणि पुराचे पाणी कालव्यात वळवण्याची सोय केली होती. पाणी पुष्कळदा येणार, हे गृहीत धरूनच माणसे नदीकाठी राहत आली.

घराच्या आतील मांडणी हा या इतिहासाचा सर्वांत कमी अभ्यासलेला भाग आहे. ज्या उंचीपर्यंत उथळ पाणी पोहोचू शकते त्या खालच्या दोन-तीन फुटांत जुन्या घरात काय असे, याची यादी केली तर ती फार लहान निघते. भुई मुरमाची आणि चोपून, शेणाने सारवलेली असे. जाते, पाटा, उखळ ही दगडाची असत. चूल मातीची असे. भांडी तांब्यापितळेची किंवा मातीची असत. कपडे वलणीवर, अंथरुणे दांडीवर किंवा माळ्यावर, कागदपत्रे आणि दागिने कोनाड्यात, भिंतीतल्या कपाटात किंवा माजघरातल्या फडताळात ठेवलेली असत. घरात पाणी येऊन गेले तर गाळ काढणे, भुई उकरून पुन्हा मुरूम टाकणे, ती चोपणे आणि आठ-पंधरा दिवस सारवत राहणे एवढे काम उरे. हे काम सोपे नव्हते, आणि त्यातले बहुतेक घरच्या बायकांच्या कंबरेवर पडे, हे विसरता कामा नये. पण त्यासाठी लागणारी सामग्री गावच्या शिवारात मिळत असे आणि त्याची किंमत रोख पैशात मोजावी लागत नसे. भुईचा असा पृष्ठभाग मोडण्याजोगा होता आणि म्हणूनच पुन्हा करण्याजोगा होता.

धान्याचा साठा हा मात्र या व्यवस्थेतला कच्चा दुवा होता. धान्य कणगीत, भिंतीलगत बांधलेल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात ठेवले जाई. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा आणि आत रुंद होत जाणारा खोल खड्डा. तोंड बंद केल्यावर आतल्या हवेतील प्राणवायू संपतो, किडा-मुंगी जगत नाही, आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध झाले, कारण तेथील माती घट्ट आहे आणि पेवाच्या भिंती ओल आत येऊ देत नाहीत. सांगलीच्या हळदबाजाराचा मोठा साठा दीर्घकाळ याच पेवांत राहिला. परंतु पेवाचे तोंड जमिनीच्या पातळीवर असते, आणि ज्या पाण्याने शेजारच्या घराचा उंबराही ओलांडला नसता, तेवढेच पाणी तोंडावाटे किंवा भोवतालच्या मातीतून आत उतरले की खाली साठवलेली सगळी हळद कुजते. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांचे असेच मोठे नुकसान झाले, आणि त्यानंतर पेवांचा वापर झपाट्याने कमी होऊन माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. पाणी किती खोल होते यापेक्षा मौल्यवान वस्तू कोणत्या पातळीला ठेवली होती यावर नुकसान अवलंबून असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण या खोऱ्यात दुसरे नाही.

सार्वजनिक वास्तूंमध्ये हाच विचार अधिक निर्धाराने दिसतो. वाई येथे कृष्णेच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे, कारण पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा अशी योजना होती. नृसिंहवाडी येथे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तमंदिरात तर पाणी अडवण्याचा प्रयत्नच केलेला नाही. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवली जाते, एका दाराने आत आलेले पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन काढला जातो आणि नित्यपूजा खाली सुरू होते. दगडाच्या त्या वास्तूत पाण्याने बिघडेल असे जवळजवळ काही नाही, आणि जे आहे ते वेळेवर वर नेण्याची पद्धत ठरलेली आहे.

जुन्या घराचे हे वर्णन गौरवगीत होऊ नये, यासाठी त्याची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. न भाजलेली माती भिजली की तिची भार पेलण्याची शक्ती झपाट्याने घटते, आणि भेंड्याच्या भिंतीच्या पायथ्याशी दोन दिवस पाणी उभे राहिले तर खालचे थर विरघळून वरची सगळी भिंत बसते. पुष्कळदा ती पाणी असताना पडत नाही. पाणी ओसरू लागल्यावर, ज्या दाबाने ती दोन्ही बाजूंनी धरलेली असते तो दाब गेल्यावर आणि माणसे घरात परतल्यावर पडते. म्हणजेच ज्याचे जोते उंच त्याच्या दृष्टीने उथळ पाणी ही गैरसोय होती, आणि ज्याचे जोते ठेंगणे त्याच्या दृष्टीने ते घर गमावण्याचे कारण होते. दगडाचे उंच जोते ही पैशाची आणि प्रतिष्ठेची बाब होती. गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या सखल जागेत ज्यांना राहावे लागले त्या जातींच्या वाट्याला ना पांढरीची उंची आली ना घडीव चिरे. पुराच्या नुकसानीचा नकाशा त्यामुळे गावच्या सामाजिक नकाशावर बसत असे, आणि आजही तो बऱ्याच ठिकाणी बसतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांवर आलेले पाणी उथळ नव्हते. तो वेगळ्या जातीचा प्रलय होता. तरीही घरबांधणीच्या इतिहासात त्या दिवसाला महत्त्व आहे, कारण मातीच्या भिंतींवरचा विश्वास त्या दिवशी मोठ्या प्रमाणावर ढळला. जुने वाडे केवळ लोंढ्याने गेले नाहीत, भिजून खचलेल्या भिंतींमुळेही गेले, आणि पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर ज्या वसाहती उठल्या त्या विटा, सिमेंट आणि पत्रा यांच्या होत्या. त्यानंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रातील लहान शहरांमध्येही सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा, भाजलेल्या विटांची भिंत आणि सिमेंटचा गिलावा हीच पक्क्या घराची व्याख्या झाली. ही निवड चुकीची नव्हती. असे घर गुडघाभर पाण्यात पडत नाही, आणि पुरात भिंतीखाली माणसे सापडण्याचा धोका तिने खरोखरच पुष्कळ कमी केला.

परंतु घर पडत नाही असे झाल्यावर जोत्याचे महत्त्व लोकांच्या मनातून उतरले. पायऱ्या कमी झाल्या. वाहन आत आणता यावे म्हणून तळमजला रस्त्याच्या पातळीला आला. दुकान असेल तर गिऱ्हाइकाला चढ नको म्हणून उंबराही गेला. त्याच काळात रस्ते मात्र वर येत गेले. जुना थर खरवडून न काढता त्यावर खडी-डांबराचा आणि पुढे काँक्रीटचा नवा थर घालण्याच्या रिवाजामुळे काही दशकांत रस्ता इतका उंचावतो की बांधताना दोन पायऱ्या वर असलेले घर दोन पायऱ्या खाली जाते. नदी पात्र न सोडताही अशा घरात मोठ्या पावसाचे पाणी शिरते. शिवाय पांढरीच्या बाहेर, काळ्या मातीच्या सखल शेतजमिनींचे भूखंड पडले आणि तेथे वसाहती झाल्या. वरच्या अंगाला धरणे झाल्यावर दोन मोठ्या पुरांमध्ये जी शांत वर्षे गेली, त्यांनी या विस्ताराला धीर दिला. राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या नियमांत सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा अशी विभागणी आहे, पण रेषा कागदावर येण्याच्या आधी आणि नंतरही घरे तिच्या आत येत राहिली.

जोते उतरत असताना घरातील किमती वस्तूही त्याच वेगाने खाली आल्या. पहिली वीज आली तेव्हा तारा छतालगत आणि बटणे खांद्याच्या उंचीवर असत; दूरचित्रवाणी, शीतकपाट आणि संगणक आल्यावर विजेचे खटके जमिनीपासून फूटभर उंचीवर बसू लागले. शीतकपाटाचा कॉम्प्रेसर आणि कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार ही दोन्ही तळाशीच असतात. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवतात. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या ट्रॉल्या, कपाटे, दिवाण हे सारे लाकडाच्या भुश्यापासून किंवा पातळ पापुद्र्यांपासून डिंकाने जोडलेल्या फळ्यांचे असते. सागवानी कपाट भिजले तर वाळते. अशी फळी काही तासांतच फुगते, तिचे थर सुटतात आणि ती पुन्हा कधीच सरळ होत नाही. अंथरुणे दांडीवरून दिवाणाच्या पोटात गेली, धान्य कणगीतून ओट्याखाली आले, मुलांची पुस्तके आणि घराची कागदपत्रे कपाटाच्या खालच्या कप्प्यात आली. मध्यमवर्गीय घरातील रोख पैशाने विकत घेतलेल्या वस्तूंचा केवढा तरी हिस्सा आज जमिनीपासून तीन फुटांच्या आत असतो. पूर्वी ही जागा जवळजवळ रिकामी होती.

शौचालयाचा बदल याहूनही सूक्ष्म आणि महत्त्वाचा आहे. जुन्या घरात ते परसात, घरापासून दूर असे. ते घरात आल्यावर घराची भुई एका नळीने बाहेरच्या मैलाटाकीला किंवा गटाराला जोडली गेली, आणि बाहेर पाण्याची पातळी वाढली की त्याच नळीतून ते उलटे आत येऊ लागले. दारात वाळूच्या गोण्या रचून बसलेल्या कुटुंबाच्या घरात पाणी न्हाणीघरातून शिरते, हा अनुभव कृष्णाकाठी सर्वत्र आहे. अशा पाण्यात मैला, तेल आणि गटाराचा गाळ असतो, त्यामुळे जे भिजले ते केवळ वाळवून वापरता येत नाही. गाद्या, उशा, भिजलेले धान्य आणि मऊ सामान टाकूनच द्यावे लागते.

पाणी ओसरल्यानंतर भिंतीत जे घडते ते डोळ्यांना उशिरा दिसते. वीट आणि गिलावा यांच्यातील अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात आणि तिच्यामुळे फूटभर पाण्याची ओल भिंतीत तीन-चार फुटांपर्यंत जाऊ शकते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही वर जातात, भिंत वाळताना ते पृष्ठभागाशी साचून त्यांचे स्फटिक बनतात, आणि त्या दाबाने रंग व गिलावा पापुद्रे सुटून गळू लागतो. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात, आणि एकदा लागलेला लोणा दर पावसाळ्यात परत येतो. जुन्या मातीच्या भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा चढवलेला असेल तर परिस्थिती अधिक वाईट होते, कारण चुन्याचा गिलावा आतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा ती कोंडून ठेवतो, आणि माती आतल्या आत मऊ होत राहते. फरशीखालचा भराव भिजून दबतो, पोकळी तयार होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी फरशी वाजू लागते किंवा खचते. काळ्या मातीवरच्या हलक्या पायाच्या घरात माती असमान फुगल्याने दारे अडकू लागतात आणि चौकटीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडतात. बुरशी, विजेच्या नळ्यांत राहिलेली ओल आणि गंजू लागलेली सळई यांची खूण तर आणखी उशिरा पटते.

अशा नुकसानीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम परदेशांत झाला. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात पुराची हानी माणसाच्या वस्तीच्या आणि बांधणीच्या निवडींशी जोडली, आणि पुढे पाण्याची खोली व नुकसान यांचा संबंध आलेखाने मांडण्याची पद्धत रूढ झाली. १९७७ मध्ये एडमंड पेनिंग-रोझेल आणि जॉन चॅटरटन यांनी ब्रिटनमधील निरनिराळ्या प्रकारच्या घरांसाठी असे आलेख तयार केले. या आलेखांचा आकार लक्षात घेण्याजोगा आहे. पाणी उंबऱ्याच्या खाली असेपर्यंत रेषा जवळजवळ आडवी राहते, ते भुईवर आले की ती एकदम उभी चढते, आणि तीन-चार फुटांनंतर पुन्हा सपाट होऊ लागते, कारण जे बिघडायचे ते तोपर्यंत बिघडून गेलेले असते. अमेरिकेच्या संघीय आपत्ती यंत्रणेने तेथील घरात एक इंच पाण्याने २५,००० डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकते असा अंदाज दिला आहे. तेथील घरे लाकडी सांगाड्याची, जिप्समच्या तावांच्या भिंतींची आणि गालिचे अंथरलेली असतात, म्हणून तो आकडा सांगलीला लावता येणार नाही. पण रेषेचा आकार लावता येतो, आणि गेल्या पन्नास वर्षांत कृष्णाकाठचे घर त्या आकाराच्या अधिकाधिक जवळ गेले आहे, असा निष्कर्ष काढणे रास्त ठरते.

जे घर हेच कामाचे ठिकाण असते त्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष कठोर होते. कोल्हापुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प येथील मूर्तिकारांच्या घरांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये, म्हणजे गणेशोत्सव तोंडावर असताना, पाणी शिरले. मूर्ती भट्टीत भाजलेली नसते आणि तिचे पाय जमिनीवर असतात. खालचा वीतभर भाग भिजला तरी वरची रंगवलेली संपूर्ण मूर्ती निकामी होते. वर्षभराची कमाई आणि कर्जाने घेतलेला कच्चा माल अशा रीतीने काही तासांच्या पाण्याने गेला. कोकणात चिपळूण आणि महाड येथील व्यापारी माल चढवण्यासाठी पोटमाळा राखतात, ती नद्यांच्या सवयीतून आलेली शहाणी रीत आहे, पण तिलाही आधी इशारा मिळावा लागतो आणि हाताशी माणसे असावी लागतात.

सरकारी मदतीची पद्धत मात्र जुन्या घराच्या नुकसानीवर बेतलेली राहिली. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत घराची पडझड पूर्णतः की अंशतः असे वर्गीकरण आहे, आणि अंशतः या वर्गात बसण्यासाठी किमान १५ टक्के नुकसान असावे लागते. तलाठ्याचा पंचनामा पाणी गेल्यावर थोड्याच दिवसांत होतो. त्या वेळी भिंत उभी असते, छप्पर जागेवर असते, लोणा अजून फुटलेला नसतो आणि फरशी अजून खचलेली नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शासन निर्णयात क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट आली तेव्हा तिच्यावर तीव्र टीका झाली, आणि ती टीका केवळ भावनिक नव्हती. भेंड्याच्या भिंतीला दोन दिवसांचा काळ महत्त्वाचा असतो. भुश्याच्या फळीला, मोटारीला आणि गादीला दोन तास पुरतात. त्या पुरानंतर बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्यात आले. ते तातडीच्या खर्चासाठी आवश्यकच होते, पण भुई, भिंतीचा खालचा भाग, वीजजोडणी आणि घरसामान यांच्या दुरुस्तीशी त्याचे प्रमाण जुळत नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे पुराचा समावेश असलेले प्रमाणित गृहविमा उत्पादन लागू केले. तथापि घराचा विमा उतरवण्याची सवय अजून या खोऱ्यात रुजलेली नाही, आणि भाडेकरूंना तर आपल्या सामानापुरता विमा घेता येतो याची कल्पनाही बहुधा नसते.

२०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने आणि त्यानंतरच्या सार्वजनिक चर्चेने नदीपात्र, धरणांतील विसर्ग आणि पूररेषेतील बांधकामे यांचा ऊहापोह केला. तो आवश्यक होता. परंतु घराच्या पातळीवरचे प्रश्न त्यात मागे राहिले, आणि ते सोडवण्यास फार मोठा निधी लागत नाही. पंचनाम्याच्या अर्जात पाणी भुईपासून किती इंच चढले याचा एक रकाना घालावा आणि तीन महिन्यांनी दुसरी पाहणी करावी. बांधकाम परवान्यात जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून न ठरवता नोंदलेल्या पूरपातळीवरून ठरवावी. न्हाणीघराच्या नळीला पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवणे आणि विजेचे खटके कमरेच्या वर घेणे पूरपट्ट्यातील प्रत्येक नव्या घराला बंधनकारक करावे. आणि महापालिका व नगरपालिकांनी जुना थर खरवडून काढल्याशिवाय कोणत्याही वस्तीच्या रस्त्यावर नवा थर घालू नये, कारण त्या प्रत्येक थराने रस्त्याकडेच्या घरांचे जोते तेवढेच खाली जाते.